मोडून पाहिलेला चिमटा

मुलुंडच्या पाच रस्ता चौकातून डोंगराकडे निघालं की पुढे रस्ता चढू लागतो. तो चढ जिथे सुरू होतो, तिथेच डाव्या हाताला सहदेव धुरीचं सायकलचं दुकान होतं. चार खांबांवर पत्रा, बाजूला भिंतीला टेकलेलं लाकडी कपाट, हवेचा पंप आणि पंक्चर बघायला पाण्याची घमेली. दुकानाचं तोंड उताराकडे होतं. पण सहदेव बसायचा उताराकडे पाठ करून. गिऱ्हाईक आलं की तेवढ्यापुरती मान वळवायची, गाडी आत ओढून घ्यायची आणि पुन्हा भिंतीकडे तोंड. नवख्या माणसाला वाटायचं, हा काय उर्मट आहे! जुन्या लोकांना सवय झाली होती.

हात मात्र सोन्याचा. वाकडंतिकडं झालेलं चाक तारा पिळून पिळून असं सरळ करायचा, की फिरवलं की डोळ्याला हललेलं दिसू नये. ब्रेक, चेन, छर्रे, सगळं करायचा. फक्त एक काम करायचा नाही. भंगारातून कुणी जुनी फ्रेम आणली आणि म्हणालं, हिच्यावर गाडी बांधून द्या, की सहदेव मान हलवायचा.

"वेळ नाही."

समोर दुकान रिकामं असायचं, तरी उत्तर तेच. "मग पुढच्या आठवड्यात आणू का?" तरी तेच. शेवटी माणूस वैतागून फ्रेम खांद्यावर टाकून चालू लागायचा.

आठ वर्षांपूर्वी, अठ्ठ्याहत्तर सालच्या मे महिन्यात, सहदेवने अशीच एक फ्रेम बांधली होती. धाकट्या भावासाठी, शिवदाससाठी. शिवदास भांडुपच्या एका बेकरीचे पाव घरोघर, हॉटेलांत पोचवायचा. बेकरीची सायकल त्याने सोडली आणि स्वतःची करायची ठरवली. कुर्ल्याच्या भंगारातून चाळीस रुपयांत फ्रेम आणली, चिमट्यासकट. पुढचं चाक ज्या दोन पायांत बसतं, तो चिमटा. सहदेवने फ्रेमवर पान्याने वाजवून पाहिलं. पुढच्या तिरक्या नळीखाली रंग किंचित उठलेला दिसला होता. बोट फिरवलं. हाताला उंचवटा लागला की भास झाला, ते कळलं नाही. शिवदास शेजारी उकिडवा बसला होता, आचऱ्याहून आणलेल्या मालवणीत विचारत होता, "दादा, चलतली मां?"

सहदेव म्हणाला, "चलात."

ऑगस्टमध्ये, सकाळी सातच्या सुमाराला, दुकानावरून वर जाणाऱ्या त्याच रस्त्यावर, मुलुंड कॉलनीच्या उतारावर, पावाच्या पेटीसकट शिवदासची गाडी पुढून मोडली. तो तोंडावर आपटला. दुपारपर्यंत होता, मग गेला. सहदेव दवाखान्यात, मग स्मशानात. मोडलेली गाडी पोलिसांनी पंचनामा करून घरच्यांना दिली म्हणे. सहदेवने ती पाहिली नाही. पाहायची गरजच नव्हती. कुठे मोडली असणार, ते त्याला ठाऊक होतं. तो रंगाचा उठाव रोज त्याच्या बोटाखाली यायचा. जेवताना भाकरीवर लागायचा, पांघरुणाच्या शिवणीवर लागायचा. आणि चांगल्या लोखंडावर पाना आपटला, खणकन आवाज आला, की त्या खणखणाटाच्या शेपटाला शिवदासचा आवाज यायचा. "चलतली मां?" बायकोला, राधाला, एकदा त्याने हे सांगितलं. ती म्हणाली, "देवाला नारळ ठेवू या." ठेवला. आवाज काही गेला नाही.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत लता खरात दुकानात आली. सव्वीस-सत्तावीसची, बारीक चणीची, खांद्याला कापडी पिशवी. पालिकेच्या दवाखान्यातर्फे ती डोंगराखालच्या पाड्यांवर जायची. हिवतापाच्या गोळ्या द्यायच्या, लहान मुलांच्या डोसाची आठवण करायची, बाळंतिणी बघायच्या. रोजची पाच-सहा मैलांची पायपीट. माहेर वैजापूरकडचं. तिथे शाळेत असताना भावाची सायकल चालवायला शिकली होती. हातगाडीवाल्याकडून तिने फ्रेम उतरवून घेतली. बायकांची, आडवा दांडा नसलेली, गंजाने तांबडी झालेली. चिमटा जागेवरच होता.

"काका, ही बांधून द्यायची."

"वेळ नाही."

"मला घाई नाही."

"जुन्या फ्रेमा मी बांधत नाही, ताई."

"का?"

हा प्रश्न इतक्या वर्षांत कुणी सरळ विचारला नव्हता. सहदेव भिंतीकडे बघत राहिला. "भरवसा नसतो," तो म्हणाला.

लता जागची हलली नाही. "नवी घ्यायची ऐपत असती तर कशाला आले असते? तुम्ही नाही म्हणालात तर मी पलीकडच्या नाक्यावर नेईन. तिथला दुकानदार उद्या संध्याकाळी रंग मारून देतो म्हणालाय. तुमच्याकडून परत गेलेली गिऱ्हाइकं सगळीच त्याच्याकडे जातात, त्यानेच सांगितलं मला. हसत होता."

सहदेवने पहिल्यांदा वळून तिच्याकडे नीट पाहिलं.

"नुसती बघून तरी ठेवा," ती म्हणाली. "मी शनिवारी येते." फ्रेम खांबाला टेकवून ती निघूनही गेली.

दोन दिवस सहदेवने फ्रेमला हात लावला नाही. पण लताचं बोलणं डोक्यातून जाईना. परत पाठवलेली माणसं एकेक डोळ्यांसमोर येऊ लागली. तो दूधवाला. तो कंपाउंडर. तो पिशवीत टिफिन घेऊन जाणारा सुतार. आठ वर्षं तो समजत होता की नाही म्हणून आपण त्यांना वाचवलं. त्यांच्यापैकी कितीजण आज कुठल्या उतारावर कशावर बसून चालले असतील, याचा त्याने कधी विचारच केला नव्हता. आता उताराकडे पाठ असूनही त्याला मागून जाणाऱ्या प्रत्येक सायकलचा आवाज ऐकू येऊ लागला. फ्रीव्हीलची करकर, मडगार्डचा खडखडाट. आवाज लांब जाऊन विरला की तो श्वास सोडायचा.

तिसऱ्या दिवशी त्याने फ्रेम आडवी घेतली.

आधी सगळे सुटे भाग काढले. फ्रेम उलटी करून लाकडावर आपटली. नळीतून मूठभर गंजाचा चुरा पडला. तारेला आकडा करून ती नळीत आत घातली आणि आतून खरवडत नेली. कुठे पातळ झालंय का, आकडा कुठे रुततोय का. मग कानशीने आणि पॉलिश पेपरने सगळे सांधे उघडे केले. जिथे नसायला हवी तिथे पितळेची पिवळी रेघ दिसली, तर समजायचं, मोडलेलं जोडून रंगाखाली झाकलंय. तशी रेघ नव्हती. सुतळी घेतली, मागच्या चाकाच्या एका खाचेतून काढून पुढच्या नळकांड्याला वळसा घालून दुसऱ्या खाचेत आणली, ताणली, आणि दोन्हीकडचं अंतर काडीने मोजलं. तांदळाच्या दाण्याइतकाही फरक नव्हता. म्हणजे फ्रेम कधी पिळवटलेली नव्हती. सगळ्यात शेवटी रॉकेलचा बोळा. सांध्यांवर रॉकेल चोळून ठेवायचं, तासाभराने कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड. चीर असली तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. त्याने बसून वाट पाहिली. खडू पांढराच राहिला.

मग पाना घेतला. वाजवलं. खणकन. नळी अगदी ठणठणीत. आणि त्याच्या मागोमाग, कानाच्या अगदी जवळ, तोच प्रश्न.

सहदेवने पाना खाली ठेवला.

शनिवारी लता आली तेव्हा त्याने तिला सगळं दाखवलं. सुतळी, खडू, गंजाचा चुरा. ती मन लावून ऐकत होती.

"म्हणजे चांगली आहे," ती म्हणाली.

"मला खोट सापडली नाही."

"तेच ना."

"तेच नाही, ताई." आणि मग, स्वतःलाही नवल वाटावं असं, तो बोलत गेला. शिवदास, बेकरी, चाळीस रुपये, रंगाचा उठाव, उतार. बोलताना त्याचं तोंड भिंतीकडेच होतं. झाल्यावर लताने एवढंच विचारलं, "मोडली नक्की कुठे होती?"

"पुढच्या नळीत. सांगितलं ना."

"तुम्ही बघितली?"

सहदेवने पाना उचलून कपाटात ठेवला.

"आम्ही आजाऱ्याला आधी विचारतो, कुठे दुखतंय ते बोट ठेवून दाखव," लता म्हणाली. "नाहीतर पोटाचं दुखणं आणि छातीला औषध असं होतं. तुम्ही आठ वर्षं न बघताच बोट ठेवलंय, काका."

तिला फार बोलल्यासारखं वाटलं असावं. पिशवी सावरून ती निघाली. "पुढच्या शनिवारी येते," म्हणाली.

रविवारी सकाळी सहदेव बसने घाटकोपरला उतरला आणि भटवाडीत गेला. शिवदासची बायको चंपा तिथे एका चाळीत मुलीसोबत राहायची, शाळेत शिपाई म्हणून काम करायची. सहदेव दरवर्षी गणपतीत यायचा, दारातच बसायचा, पुतणीच्या हातावर काहीतरी ठेवायचा आणि निघायचा. अवेळी आलेला बघून चंपा दचकली.

"भावजी? काय झालां?"

"काय नाय. ती सायकल..." त्याने चपला काढल्या. "ती तू टाकलीस काय गो?"

चंपाने स्टूल ओढलं, वर चढली आणि माळ्यावरून गोणपाटात बांधलेलं काहीतरी ओढून काढलं.

"तुमी एक दिवस बघूक येतल्यात, म्हणान ठेवलंय," ती म्हणाली. "आठ वर्सां झाली."

सुतळीची गाठ सुटेना, ती चंपानेच विळीवर धरून कापली. आत फ्रेम होती आणि वेगळा पडलेला चिमटा.

फ्रेमची तिरकी नळी अख्खी होती.

त्याने ती दाराच्या उजेडात नेली. अंगठ्याने खालची बाजू चाचपली. उठाव होता, रंगाचाच. नखाने खरवडला तर जाड रंगाचा पोपडा निघाला आणि खाली गुळगुळीत धड लोखंड. आठ वर्षं जे बोटाखाली टोचत होतं, ते हे.

मोडला होता चिमटा. चिमट्याची दांडी पुढच्या नळकांड्यातून वर हँडलपर्यंत जाते. ती खालच्या टोकाला, जिथे दोन्ही पाय फुटतात तिथेच, साफ तुटली होती. गाडी बांधलेली असताना ती जागा कुणाला दिसतच नाही. पण बांधणाऱ्याला दिसते. छर्रे बसवताना, ग्रीस लावताना तीच दांडी सहदेवच्या मुठीत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नव्हतं. त्याची नजर रंगावर होती.

तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग गडद तांबडा, जुना. उरलेला त्या मानाने उजळ. म्हणजे चीर आधी होती, हळूहळू वाढत गेली, आणि उरलेलं लोखंड त्या सकाळी एका झटक्यात गेलं.

"कधीची असेल चीर?" तो पुटपुटला.

चंपा उंबऱ्यावर बसली होती. "एक गोष्ट तुमका सांगूक नाय," ती म्हणाली. "मोडायच्या आदल्या आठवड्यात ते आग्रा रोडवर खड्ड्यात पडले होते. चिमटो वाकलो. बेकरीतल्या खांबाक लावून त्यांनीच सरळ केलो. मी म्हटलां, दादांका दाखवा. तर म्हणाले, दादा कामाचो माणूस, उगाच ओरडतलो."

सहदेवने मान वर केली. "आणि तू आता सांगतेस?"

"तुमी कधी बसलात काय?" चंपाचा आवाज चढला. "दारात येतात, पोरीच्या हातात पैसे देतात आणि पळतात. माज्याकडे बघतात तरी काय? माका वाटायचां, तुमचो राग माज्यावर असा. मीच पाव घालूक पाठवलंय त्यांका, त्या पावसात."

पुतणी पाणी घेऊन आली. सहदेव तुटका चिमटा मांडीवर घेऊन बसला होता. त्याने बांधताना दांडी हातात घेतली तेव्हाच चीर होती, की खड्ड्यात पडल्यावर, खांबाला लावून वाकवताना आली? तांबड्या रंगावरून सांगता येईना. पावसाळ्यात उघडं लोखंड आठ दिवसांतही तांबडं होतं, आणि तीन महिन्यांतही. आता तर त्यावर आठ वर्षांचा गंज चढला होता. त्याने खूप वेळ पाहिलं. लोखंडाने काही सांगितलं नाही.

त्या दिवशी तो चंपाकडे जेवला. कितीतरी वर्षांनी आत बसून. निघताना त्याने विचारलं, "चिमटो मी नेऊ?"

"न्या," ती म्हणाली. "माका आता नको."

पुढच्या आठवड्यात सहदेवने लताच्या फ्रेमचा सुटा करून ठेवलेला चिमटा घेतला, दांडी रॉकेलने धुतली, खडू लावला. खालच्या टोकाला, बरोबर त्याच जागी, केसासारखी एक काळी रेघ उमटली. त्याने पुसलं, पुन्हा केलं. पुन्हा रेघ. नखाला काही लागत नव्हतं. ती चीर असेल, किंवा कधीतरी पाना घसरून पडलेला चरा. चऱ्यातही रॉकेल मुरतं. तीन दिवस तो चिमटा त्याने सकाळी, दुपारी, उन्हात, सावलीत धरून पाहिला. शेजारी शिवदासचा तुटका चिमटा ठेवलेला. राधा डबा घेऊन आली, दोन्हीकडे बघून डबा ठेवून गेली.

शनिवारी लता आली. सहदेवने तिला रेघ दाखवली.

"चीर आहे?"

"माहीत नाही."

"मग?"

त्याने चिमट्याची दांडी शिकंज्यात आवळली आणि मोठा हातोडा घेतला. लता मागे सरली. पहिला घाव बसला तेव्हा पत्रा हादरला. चिमटा थोडा वाकला. दुसरा, तिसरा, चौथा. सहदेव घामाघूम झाला, तोंडातून आवाज निघू लागला, पण थांबेना. रस्त्यावरची माणसं थबकली. चिमटा वाकत वाकत पार कोनात गेला, पण तुटला नाही. रेघेच्या जागी लोखंड ताणलं गेलं होतं, एकसंध. कुठे फटही नव्हती.

सहदेव हातोडा टाकून खाली बसला.

"म्हणजे चांगला होता?" लताने विचारलं.

"चांगला होता."

"मग मोडलात कशाला?"

"मोडल्याशिवाय कळलं नसतं," सहदेव म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. "लोखंडाचं असंच असतं, पोरी. धड होतं हे मोडून बघितल्यावर समजतं. आणि मोडून बघितलं की ते काही कामाचं राहत नाही."

लता त्याच्यासमोर पाटावर बसली. "मग फ्रेमही मोडून बघणार का?"

"नाही."

तो उठला. नवा चिमटा त्याने स्वतःच्या पैशाने आणला होता, कपाटामागे कागदात गुंडाळलेला. तो काढला. दांडी तिच्या हातात दिली. "ह्या जागी बघ. बोट फिरव. इथेच बघायचं असतं." मग छर्रे मोजून ग्रीसमध्ये बसवले आणि गाडी उभी करायला घेतली. त्याला दोन दिवस लागले.

गाडी लगेच दिली मात्र नाही. मागच्या कॅरियरवर वाळूची गोण बांधून सहदेव स्वतः ती घेऊन मुलुंड कॉलनीच्या उतारावर गेला. आठ वर्षांत त्या चढावर त्याने पाय ठेवला नव्हता. सकाळची वेळ होती, पाण्याच्या टँकरजवळ बायका भांडत होत्या. तो वर चढला, वळला, आणि ब्रेक न दाबता गाडी सोडली. वारा कानात शिरला. मुठीतलं हँडल थरथरत होतं, पुढचं चाक दगडावरून उडत होतं, आणि संपूर्ण उतारभर शिवदास त्याच्या कानाशी विचारत होता. खाली सपाटीला आल्यावर त्याने पाय टेकवले. गाडी धड होती. तो रस्त्याच्या कडेला बसला. मग उठून पुन्हा वर गेला. असं त्याने अकरा वेळा केलं.

लताला गाडी देताना ती म्हणाली, "आता तरी म्हणा, चालेल म्हणून."

सहदेवला तो शब्द उच्चारता येईना. "मला जिथे जिथे बघता येतं, तिथे तिथे मी बघितलंय," तो म्हणाला. "दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आणायची. पडलीस, साधी कठड्याला धडकलीस, तरी त्याच दिवशी आणायची. मी ओरडणार नाही."

"ओरडलात तरी आणेन," ती म्हणाली, आणि साडीचा पदर खोचून चढाला लागली. सहदेव ती वळणाआड जाईपर्यंत रस्त्याकडे तोंड करून उभा होता.

त्यानंतर त्याने जुन्या फ्रेमा परत पाठवणं बंद केलं. आलेली प्रत्येक फ्रेम उघडायचा. दहांतल्या चार-पाच तरी निकामी म्हणायचा आणि कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून जागच्या जागी करवतीने कापायचा. त्यावरून भांडणं झाली. एकाने कॉलर धरली. सहदेवने फ्रेमचे पैसे भरून दिले, पण ती कापलीच. नाक्यावरचा दुकानदार म्हणायचा, म्हातारा सरकलाय. राधालाही तसंच वाटायचं. कारण चांगल्या फ्रेमा बांधून दिल्यावर तो आणखीच वाईट झोपायचा. आधी एकच उतार होता. आता ज्याला ज्याला गाडी दिली, त्याचा त्याचा उतार त्याच्या झोपेत येऊ लागला.

चंपाकडे तो महिन्यातून एकदा जाऊ लागला. शिवदासचा विषय निघायचाच असं नाही. एकदा चंपा म्हणाली, "भावजी, खड्ड्याचां तुमका सांगितलां ता बरां केलां, की वायट?" सहदेवने विचार केला आणि खरं ते सांगितलं, "माका म्हायत नाय गो."

लता दोन वर्षं दर महिन्याला गाडी घेऊन आली. सहदेव चिमटा खोलायचा, रॉकेल, खडू, सगळं करायचा, पुन्हा बसवायचा. ती तोवर पाड्यांवरच्या गोष्टी सांगायची. अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये तिची बदली चेंबूरला झाली. तिथून दर महिन्याला मुलुंडला येणं जमणार नव्हतं. शेवटच्या रविवारी तिने त्याला वाकून नमस्कार केला. म्हणाली, तिथे कुणी चांगला कारागीर बघून दाखवत जाईन.

"खडूचं सांग त्याला," सहदेव म्हणाला.

"सांगेन."

ती गेली. पुढे तिची चिठ्ठी नाही की निरोप नाही. पुढच्या महिन्याचा पहिला रविवार आला तेव्हा सहदेवने सवयीने रॉकेलची बाटली बाहेर काढून ठेवली आणि दुपारपर्यंत वाट पाहिली. मग त्याच्या ध्यानात आलं. तिकडे चेंबूरच्या बाजूला, त्याने न पाहिलेल्या कुठल्यातरी रस्त्यावर, त्याच्या भरवशावर एक गाडी चालली होती, आणि आता तिचं काय होईल ते त्याला कधीच कळणार नव्हतं.